निसर्ग वादळात वाचलेले माड नंतर धरेनात का? श्रीवर्धनकडच्या एका वाडीचं प्रकरण

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, ताशी 110 ते 120 किलोमीटर वारा, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या, वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्यावेळी जे पडलं त्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला इथे जे पडलं नाही त्याबद्दल लिहायचंय. म्हणजे वादळातून उभे राहिलेले माड, जे पुढची दोन-तीन वर्षं नारळ धरायचेच बंद झाले, आणि ज्यांना कंटाळून बऱ्याच लोकांनी कुऱ्हाड लावली. श्रीवर्धन तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका वाडीचं प्रकरण मी जवळून पाहिलंय, तेच सविस्तर मांडतो, कारण माड हे झाड आतून कसं चालतं हे माहीत नसेल तर माणूस तोडायचा निर्णय अगदी चुकीच्या वर्षी घेतो.

वाडी दोनेक एकराची, तिच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, आजोबांनी लावलेली. जुनी कोकणी पद्धत, मधे माड, माडांच्या सावलीत दाटीने पोफळी, पोफळींवर मिरवेल, विहिरीकडेला दोन-चार जायफळं, केळी. माड बाणवली जातीचे, उंच. वादळात पोफळी जवळजवळ सगळ्या गेल्या, काही मुळासकट आणि बऱ्याचशा मधूनच मोडून. माडांपैकी निम्म्याहून जास्त उभे राहिले. सरकारी मदत आली ती हेक्टरी 50 हजार, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, आणि इथल्या वाड्या गुंठ्यातच मोजतात त्यामुळे हातात काय पडलं असेल ते तुम्हीच बघा. नंतर झाडागणिक मदतीचाही निर्णय झाला. पण काकांचा धीर होता तो उभ्या माडांवर. पोफळ परत लावून यायला सहा-सात वर्षं, तोपर्यंत नारळ घर चालवतील हा हिशोब.

तो हिशोब चुकला. 2021 चा पाडा, म्हणजे झाडांवरून उतरवलेले नारळ, कमी झाला तेव्हा वादळ म्हणून सोडून दिलं. 2022 च्या मे महिन्यात पाडा आणखी कमी, पूर्वीच्या पावभरसुद्धा नाही. काकांचा मुलगा ठाण्याला असतो, तो म्हणाला हे म्हातारे माड आता संपले, सगळे काढू, बुटकी जात लावू, पर्यटक येतात, शहाळी विकू, काही जागेत दोन खोल्या बांधू. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. काका मात्र म्हणत होते (पोय म्हणजे माडाचा फुलोरा), "अरे पोय येत्ये, फुटत्ये, पण धरत नाही. झाड मेलेलं नाही ते, मेलेलं झाड पोय कशाला काढील?" हे त्यांचं निरीक्षण फार महत्त्वाचं होतं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तोडायचे की ठेवायचे, एवढं सांगायला त्यांनी मला बोलावलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, पोफळ मोडली आणि माड उभा राहिला यात नशिबाचा भाग कमी आहे. दोघंही ताडाच्या कुळातली, दोघांनाही सोटमूळ नाही, दोघांच्याही खोडात आंब्या-फणसासारखं वर्षावर्षाने वाढणारं लाकूड नाही. पण माडाच्या बुंध्याचा जो फुगीर गड्डा असतो त्यातून हजारो मुळं निघतात, मोठ्या झाडाला चार ते सात हजार, सगळी साधारण बोटाएवढ्या जाडीची, आणि ती बहुतेक दोन मीटरच्या घेरात जमिनीला धरून असतात. खोड आतून मऊ आणि बाहेरच्या कडेला कठीण, कारण धाग्यांच्या जुड्या कडेला दाट बसलेल्या असतात, त्यामुळे ते काथ्याच्या दोरखंडासारखं वाकतं, तुटत नाही. झापाची, म्हणजे माडाच्या पानाची, पातीसुद्धा वाऱ्यात दुमडते, फाटते आणि वाऱ्याला वाट करून देते. पोफळीचं खोड वीतभर जाडीचं आणि उंची जवळपास माडाएवढी, शिवाय एकमेकींच्या आधाराने वाढलेल्या, कडेची रांग पडली की आतली उघडी पडते.

आता या बांधणीची दुसरी बाजू, जी लोक विसरतात. माडाच्या खोडाला साल धरत नाही, जखम भरत नाही. आंब्याची फांदी तुटली तर कडेने नवीन साल चढते, माडाला आज जी खाच पडली ती झाड मरेपर्यंत तशीच राहणार. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा पन्नास वर्षांनी तशाच दिसतात ना, ते याच कारणाने. आणि अख्ख्या झाडाला वाढीचा एकच कोंब, शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की झाड गेलं, बगलेतून दुसरा फुटत नाही. म्हणून वादळानंतर माड जगला की मेला हे खोड किंवा झापं बघून कळत नाही, ते मधल्या मिटलेल्या कोवळ्या पानाच्या सुरळीवरून कळतं. सुरळी ताठ, हिरवट-पिवळी, वर सरकत असेल तर झाड जिवंत. सुरळी तपकिरी पडलीय, हाताने ओढली की निघून येते आणि बुडाला कुजका वास, तर कोंब कुजला, विषय संपला.

तर पहिलं काम म्हणजे पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला, वर चढवला आणि प्रत्येक माडाची सुरळी बघायला सांगितली. आमचा पाडेली वयाने मोठा, बोलायला कमी, पण वरून जे ओरडून सांगायचा ते अचूक. एका माडाची सुरळी कुजलेली निघाली. एकाच्या खोडाला छातीएवढ्या उंचीवर भोक, त्यातून तांबूस चिकट रस ओघळलेला, आणि कान लावला तर आत करकर आवाज, म्हणजे सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत खोड खात होत्या. हे दोन माड सोडले तर बाकी सगळ्यांचे कोंब ठणठणीत. तेव्हा मुलाला तिथेच सांगितलं की म्हातारे वगैरे काही नाही, उंच जातीचा माड साठ-सत्तर वर्षं सहज चालतो, तुमचे जिवंत आहेत. मग धरत का नाहीत हा प्रश्न राहिला.

इथे माडाची एक सवय समजून घ्यायला लागते. आंबा वर्षातून एकदा मोहोरतो, मग फळ देतो, मग विसावतो, त्याला ऋतू आहे. माड मुळात विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, समुद्राच्या काठी, बारा महिने ऊब आणि ओल असलेल्या भागातलं झाड, त्याला विसावा हा प्रकारच नाही. सरासरी 27 अंशाच्या आसपास तापमान, हवेत दमटपणा, भरपूर ऊन, आणि जमिनीत सतत ओल पण साचलेलं पाणी नाही, ही त्याची मागणी. ती पुरी झाली तर तो महिन्याला साधारण एक पान काढतो, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय. निरोगी झाडावर तीस-पस्तीस पानं, म्हणजे शेंड्यात सगळ्यात कोवळी मिटलेली पोय, खाली उघडलेली, त्याखाली बोंडं म्हणजे लहान कोवळी फळं, त्याखाली शहाळी, त्याखाली तयार नारळ, सगळ्या वयाचा माल एकाच वेळी एका झाडावर. त्यामुळे वर्षातला कुठलाही महिना त्याच्यासाठी कामाचाच, आणि कुठल्याही महिन्यात उपाशी ठेवलं तरी कुठल्या ना कुठल्या घडावर ते उतरणारच.

पण उतरतं ते लगेच नाही. आणि घोळ नेमका इथे होतो. पोय शेंड्याच्या गाभ्यात तयार व्हायला लागते ती उघडण्याच्या साधारण 32 महिने आधी. उघडल्यावर नारळ पिकायला आणखी वर्ष. म्हणजे आज तुम्ही जो नारळ पाडताय त्याची सुरुवात जवळपास 44 महिन्यांपूर्वी, पावणेचार वर्षांपूर्वी झालेली आहे. ताण कुठल्या टप्प्यावर बसला त्यावर नुकसानीचं रूप ठरतं. सुरुवातीच्या काळात बसला तर पोय रोड निघते किंवा आतच जिरते, उघडायच्या सहा-सात महिने आधी बसला तर मादी फुलंच कमी लागतात, आणि उघडल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसला तर बोंडं गळतात.

हा हिशोब घेऊन तारखा मांडल्या. वादळाच्या आठवड्यात ज्या पोयी गाभ्यात सुरू होत होत्या त्या उघडणार 2023 च्या फेब्रुवारीच्या सुमारास, आणि त्यांचे नारळ पिकणार 2024 च्या सुरुवातीला. म्हणजे 2022 च्या मे मध्ये उभं राहून हे माड संपले म्हणणं म्हणजे निकाल लागायच्या आधीच नापास ठरवणं होतं. वादळाने पानं फाडली होती, माडाचं सगळं अन्न पानात तयार होतं, महिन्याला एक पान या वेगाने पुरा शेंडा परत भरायलाच अडीच वर्षं लागणार, म्हणजे 2022 ची अखेर. भरलेल्या शेंड्यावर सुरू होणारी पोय मग 2025 मध्ये उघडणार आणि नारळ 2026 मध्ये. काका शांतपणे ऐकत होते, मुलगा मोबाईलवर आकडे टाकत होता आणि त्याचा चेहरा पडला. सहा वर्षं? हो, पूर्ण भरपाईला सहा वर्षं. वादळाच्या दिवशी केलेला पंचनामा माडाच्या नुकसानीचा पहिला हप्ता तेवढा मोजतो, उरलेले हप्ते पुढे येत राहतात, हे मला सगळ्या सरकारी कागदांत कुठेतरी दिसायला हवं असं फार वाटतं.

तरीपण फक्त वादळ धरलं तर मे 2022 ची घट जुळत नव्हती. वादळाने पानं फाटून घट येईल, निम्म्यावर येईल, पण पावभरसुद्धा नाही म्हणजे वर आणखी काहीतरी बसलंय. शेजारच्या एका वाडीत, साधारण तेवढंच नुकसान झालेलं असून, माड बरे धरत होते. मग नुसत्या वादळावर खापर फोडून चालणार नव्हतं.

पाडेल्याला परत वर पाठवला, यावेळी पानं मोजायला. ही पद्धत सोपी आहे आणि कुणीही करू शकतो म्हणून नीट सांगतो. नुकतं पूर्ण उघडलेलं पान एक नंबर धरायचं आणि वरून खाली मोजत जायचं, महिन्याला एक पान या हिशोबाने दहावं पान म्हणजे साधारण दहा महिन्यांपूर्वी उघडलेलं. झाडावर वीस-बावीसच पानं होती, म्हणजे वादळाआधीची सगळी गळून गेलेली आणि जी होती ती वादळानंतरची. त्यातल्या पाच-सहा नंबरपासून पंधरा-सोळा नंबरपर्यंतच्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे तिरके, पंख्यासारखे काप. हा गेंड्या भुंग्याचा हात. तो मिटलेल्या सुरळीत आडवा शिरून कुरतडतो, तेव्हा बाहेरून फक्त चोथा दिसतो, आणि पान उघडलं की घडीच्या कागदाला कात्री लावल्यासारखे दोन्ही बाजूंना सारखे काप दिसतात. कापलेली पानं 2021 मध्ये उघडलेली. म्हणजे 2021 भर या वाडीवर गेंड्याचा सतत मार होता. काही पोयी तर मिटलेल्या अवस्थेतच भोक पाडून वाया घालवलेल्या.

एवढा गेंड्या आला कुठून हे शोधायला लांब जावं लागलं नाही. वाडीच्या मागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून वादळात पडलेल्या माडांची आणि पोफळींची खोडं रचलेली होती, कामाला येतील, विकली जातील म्हणून ठेवलेली आणि मग तशीच राहिलेली. दोन पावसाळे त्यावर गेले. एक ओंडका कुदळीने फोडला तर आतला गाभा ओला भुसा झालेला आणि त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या भरलेल्या, डोकं तपकिरी. गेंड्याची पैदास कुजत्या ओंडक्यात आणि शेणखताच्या खड्ड्यात होते, जिवंत माडात नाही. जिवंत माडात तो फक्त खायला येतो. आणि तो जिथे खातो त्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो, तो मात्र झाडातच अंडी घालतो आणि झाड मारतो. जूनमध्ये पडलेली खोडं पावसात कुजायला लागली, अळ्या वाढल्या, 2021 मध्ये भुंगे बाहेर पडले, वरची पानं तोच काळ दाखवत होती. आख्ख्या तालुक्यात वादळानंतर असे ढीग होते. लोकांची चूक म्हणवत नाही, वीज आठवडेच्या आठवडे नाही, घरावर छप्पर नाही, त्यात ओंडके कोण फोडणार.

पण गेंड्याने पानं कमी होतात, बोंडं गळत नाहीत. इथे बोंडं गळत होती. पोयींच्या बुडाशी नुसते देठाचे ठिपके राहिलेले, जमिनीवर सुपारीएवढी वाळकी बोंडं पडलेली. काकांना वाटत होतं मधमाश्या गेल्या, परागच बसत नाही. उंच जातीत एका पोयीतली नर फुलं आधी संपतात आणि मादी फुलं नंतर तयार होतात, त्यामुळे दुसऱ्या झाडाचा पराग लागतो हे खरं, पण वाडीत आणि शेजारी मिळून पोयी काढणारे माड भरपूर होते आणि वाराही पराग नेतो. शिवाय पराग न बसलेलं फूल लवकर गळतं, इथे बोंड वाढून मग गळत होतं. काहींनी खाऱ्या वाऱ्याचं कारण सांगितलं, वादळात समुद्राचं पाणी फवाऱ्यासारखं आत आलं होतं. माडाला खार फारसा बाधत नाही, उलट मिठातलं क्लोराईड त्याला लागतंच, आपल्याकडे लागवडीच्या खड्ड्यात मीठ टाकतात ते उगाच नाही.

उत्तर मिळालं ते काकूंकडून, आणि तेही सहज. मी वाडीत फिरताना पाट बघत होतो, विहिरीपासून निघणारे, बांधलेले जुने पाट, त्यात पालापाचोळा भरलेला, आळ्यांच्या कडा सपाट झालेल्या. काकूंना विचारलं शिपणं, म्हणजे झाडांना पाणी देणं, कधी करता. म्हणाल्या, "आता कुठलं शिपणं? पोफळीच नाहीत तर शिपायचं कुणाला?"

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. या वाडीत पिढ्यान् पिढ्या पाणी दिलं जायचं ते पोफळीला. पोफळ चार-पाच दिवसांत पाणी नाही मिळालं तर सुकते, म्हणून दिवाळीनंतर पावसापर्यंत नेमाने शिपणं व्हायचं. माड त्याच आळ्यापाटांत उभे, त्यांना ते पाणी आपसूक मिळायचं, आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की माडाला पाणी लागत नाही, तो समुद्राच्या वाळूत पण येतो. पोफळी गेल्या, पंपाचा खर्च वाचवला, शिपणं बंद. त्यातून वरची सावली गेली, पूर्वी हिवाळ्यात सुद्धा ओलसर राहणारी वाळू आता उघड्या उन्हात तापायला लागली. 2020-21 चा आणि 2021-22 चा, दोन्ही उन्हाळे माड नोव्हेंबर ते जून शिपण्याशिवाय उभे होते.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो म्हणून फसायला होतं. माडाला वर्षाला त्याच्या निम्मा पाऊससुद्धा पुरतो, पण तो वर्षभर वाटून पडायला हवा. केरळात दोन पावसाळे आहेत, नैऋत्य आणि परतीचा, मधे उन्हाळी सरी. आपल्याकडे चार महिन्यांत सगळं ओतून मोकळं आणि मग सहा-सात महिने थेंब नाही, आणि वाळूत पाणी थांबत नाही. माडाला सोटमूळ नाही त्यामुळे खालचं पाणी खोलवर जाऊन ओढणं त्याला जमत नाही, समुद्राकाठी जिथे भूजल अगदी वर आहे तिथे निभतं, ही वाडी थोडी वरच्या अंगाला. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मादी फुलं जास्त असलेल्या पोयी उघडतात त्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, कारण त्यांची फुलं आदल्या पावसाळ्याच्या ओलीवर तयार झालेली असतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पोयी नेमक्या कोरड्या जमिनीत उघडत होत्या आणि बोंडं टाकत होत्या. आणि उन्हाळ्यात ज्यांची फुलं गाभ्यात घडत होती त्या पोयी दिवाळीच्या सुमारास मोजकी फुलं घेऊन बाहेर येत होत्या. शेजारच्या वाडीत काय वेगळं होतं ते मग लगेच कळलं, त्यांनी पडलेल्या पोफळींच्या जागी ताबडतोब केळी लावली होती, केळीला पाणी देत होते, माड तेच पाणी पीत होते.

तर माझं म्हणणं असं झालं की दोन सोडून एकही माड तोडू नका. कुजलेला आणि सोंड्या लागलेला काढा, तोडून तिथे ठेवू नका, फोडून जाळा. गडग्याचे सगळे ओंडके त्याच उन्हाळ्यात फोडले, जाळण्यासारखं जाळलं, शेणखताच्या खड्ड्यात मेटाऱ्हायझियम बुरशी घातली, ती गेंड्याच्या अळ्यांना रोग लावते आणि माणसाला, झाडाला काही करत नाही. पाडेल्याने शेंडे साफ केले, सुरळीतले जिवंत भुंगे तारेच्या हुकाने ओढून काढले, आणि वरच्या पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरली. हे वर्षातून दोन-तीनदा करावं लागतं, एकदा करून भागत नाही, आणि पाडेली मिळणं हीच खरी अडचण आहे कारण नवीन मुलं या कामाला येत नाहीत, जो आहे त्याच्या मागे अख्खं गाव. चढण्यासाठी नवीन खाचा पाडायच्या नाहीत हेही ठरलं, शिडी घेतली.

पाण्यासाठी मुलाने पैसे घातले, हे त्याचं कौतुक. तोडायचा विचार सोडल्यावर त्याने ठिबक बसवलं, डिसेंबरपासून माडाला रोज साधारण चाळीस लिटर. आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आणि झापं कुजत घातली, सोडणं पाणी धरून ठेवतात आणि त्यात पालाशही असतं. खत इतकी वर्षं फक्त युरिया पडत होता तोही पोफळीच्या नावाने. खालच्या पानांची टोकं नारिंगी-पिवळी पडलेली दिसत होती, ती पालाशची भूक. मोठ्या माडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि तब्बल 1200 ग्रॅम पालाश ही कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची शिफारस आहे, नत्राच्या दुपटीहून जास्त पालाश, ते हप्त्याहप्त्याने द्यायला सांगितलं कारण वाळूत एकदम टाकलेलं पावसात वाहून जातं.

मोकळ्या जागेचं काय करायचं यावर घरात बराच वाद झाला. काकांना लगेच पोफळ हवी होती, श्रीवर्धनची सुपारी म्हणजे त्यांच्यासाठी प्रतिष्ठेची गोष्ट. पण पोफळीचं रोप उघड्या उन्हात टिकत नाही, खोड भाजतं, म्हणून आधी केळी लावली आणि एका वर्षाने केळीच्या सावलीत पोफळीची रोपं. गेलेल्या माडांच्या जागी परत बाणवली, रोपं वर्षभराची, पाच-सहा पानांची, बुंधा जाड असलेली निवडून, आणि दोन माडांत साडेसात मीटर अंतर राखून, आजोबांनी ठेवलं होतं त्यापेक्षा जास्त. मुलाच्या शहाळ्यांसाठी विहिरीजवळ, जिथे पाण्याची खात्री आहे, तिथे नारिंगी बुटक्या जातीची थोडी झाडं. बुटकी लवकर धरते पण तिला पाण्याचा ताण उंच जातीइतका सोसत नाही आणि आयुष्यही कमी, त्यामुळे अख्खी वाडी बुटकी करणं मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. खोल्या बांधणं त्यांनी पुढे ढकललं.

एक माड विहिरीच्या अंगाला चांगलाच कलंडला होता, एका बाजूची मुळं उघडी पडलेली. तो पडेल म्हणून सगळेच म्हणत होते काढा. त्याचा शेंडा तेव्हाच वळून सरळ वर जायला लागला होता, माडाचा कोंब उजेडाकडे आणि वरच वळतो, खोड वाकडं राहतं. उघड्या मुळांवर मातीचा ढीग घातला, बुंध्याच्या गड्ड्यातून नवीन मुळं मातीत उतरली. तो आहे अजून.

बोंडगळ पहिल्याच उन्हाळ्यात, 2023 मध्ये, डोळ्याला दिसण्याइतकी कमी झाली, कारण तो पाण्याचा थेट परिणाम, त्याला 44 महिने थांबावं लागत नाही. त्या बोंडांचे नारळ 2024 मध्ये उतरले आणि पाडा वादळाआधीच्या निम्म्याच्या थोडा वर गेला. 2024 च्या सुरुवातीला उतरलेले घड, म्हणजे वादळाच्या सुमारास गाभ्यात सुरू झालेले, हिशोबाप्रमाणे रोडच होते, पाणी मिळूनसुद्धा, काही बगलांत पोयच नव्हती. नवीन पानांवर गेंड्याचे काप फारच तुरळक राहिले, शेंडा तिशीच्या जवळ पोचला. काका आता पाडेली वर गेला की स्वतः खाली उभं राहून पानं मोजून घेतात आणि मुलाला फोनवर आकडा सांगतात. केळीचे लोंगर दोनदा विकून झाले, त्यातून ठिबकचा बराच खर्च निघाला, आणि केळीखालच्या पोफळी गुडघ्याच्या वर आल्यात.